मतलईची पहाट

जानेवारीतल्या एखाद्या पहाटे, साडेपाचच्या सुमारास, गॅलरीचे दार हळूच उघडावे आणि बॅटरीचा उजेड भिंतीकडे वळवून पिंजऱ्यात नजर टाकावी. दिवसा सडपातळ, चटपटीत दिसणारा झेब्रा फिंच आता लिंबासारखा गोल झालेला असतो. मान दिसत नाही. चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, एक पाय पोटात ओढून घेतलेला आणि दुसऱ्या पायावर पोटाची पिसे अशी उतरलेली, की दांडीवर कापसाचे बोंड ठेवलेय असे वाटावे. उजेड थेट पक्ष्यांवर मात्र कधीच टाकू नये. अंधारात दचकलेला फिंच सरळ वर उडतो आणि छपराच्या जाळीवर आपटतो.

ही पहाटेची फेरी मी इतकी वर्षे घालते आहे, की डिसेंबर ते फेब्रुवारी गजर लावावा लागत नाही. पक्षी पाळणाऱ्याला रात्रीच्या थंडीविषयी जे काही कळायला हवे, ते या पाच मिनिटांत कळते.

मीरा-भाईंदरला कसली आली थंडी, असे नागपूरचे पाहुणे विचारतात. त्यांच्या मानाने ते खरेच आहे. आपल्याला सगळ्यांत जवळची मोठी वेधशाळा सांताक्रूझची. तिथे जानेवारीतले सरासरी किमान तापमान सोळा-सतरा अंशांच्या आसपास असते. नोंदलेला नीचांक आहे २२ जानेवारी १९६२ चा, ७.४ अंश सेल्सिअस. तेवढा कडाका दरवर्षी पडत नाही. पण पक्ष्याच्या दृष्टीने पहाटेच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो दुपारचा आकडा. आपल्याकडे जानेवारीत दुपारी पारा तिशी ओलांडतो आणि पहाटे पंधरा-सोळावर येतो. चोवीस तासांत पंधरा अंशांची ही घसरण. युरोपात बाहेरच्या पक्षीघरात ठेवलेल्या फिंचांना थंडी सप्टेंबरपासून हळूहळू भेटते, त्यांची पिसे आणि चरबी तिच्यासाठी तयार होत जातात. आपल्या पक्ष्याला रोज दुपारी उन्हाळा आणि रोज पहाटे हिवाळा.

आणि वारा. आपल्या गावाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, आणि मध्ये मिठागरांची सपाटी. दिवसा जमीन तापते, तेव्हा समुद्राकडून खारा वारा येतो. रात्री आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते, त्यामुळे जमीन भराभर थंड होते, समुद्र मात्र कोमट राहतो, आणि वारा उलटतो. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हा वारा म्हणजे मतलई. उत्तर भारतात पश्चिमी विक्षोभ येऊन गेला, की त्यामागून उत्तरेचा कोरडा गारवा खाली सरकतो आणि मतलईला धार चढते. दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना हे माझ्याआधी कळते. "आज मतलई जोरात आहे ताई, पाखरांना झाका," असे त्या टोपली खाली ठेवतानाच सांगतात. हवामान खात्याचा अंदाज मी पाहतेच, पण त्यांचा शब्द कधी मोडत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा, की आपली गॅलरी कुठे उघडते. पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड असेल, तर पहाटेचा वारा थेट पिंजऱ्यावर येतो. पश्चिमेची गॅलरी रात्री बरीच सुरक्षित असते. वरच्या मजल्यांवर वारा जास्त, आणि दोन टॉवरच्या फटीसमोर तर तो बोगद्यातून आल्यासारखा येतो. पिंजरा ठेवायचा तिथे रात्री उदबत्ती धरून पाहावी (पक्षी आत नेऊन, धूर त्यांना नको). धूर सरळ वर गेला तर जागा चांगली. आडवा पळाला तर थर्मामीटर काहीही म्हणो, ती जागा बदलायची.

वाऱ्याचा एवढा बाऊ का, हे समजण्यासाठी थोडे गणित करू. झेब्रा फिंचचे वजन सुमारे १२ ग्रॅम. आपले धरू ६० किलो, म्हणजे पाच हजार पट. शरीर जितके लहान, तितकी वजनाच्या मानाने त्वचा जास्त. दोघांचा आकार सारखाच धरला, तर प्रत्येक ग्रॅममागे फिंचच्या वाट्याला आपल्यापेक्षा साधारण सतरा पट पृष्ठभाग येतो, आणि उष्णता निसटते ती या पृष्ठभागावरूनच. त्यात फिंचच्या शरीराचे तापमान चाळीस-एकेचाळीस अंश. दुपारी हवा ३१ अंश असताना शरीर आणि हवा यांत दहा अंशांचे अंतर असते. पहाटे १५ अंशांना ते सव्वीस होते. म्हणजे तेच अंग राखायला अडीच पटींहून जास्त कष्ट.

हे कष्ट पक्षी दोन तऱ्हांनी पेलतो. एक म्हणजे पिसे. ती उभारली, की त्यांच्यात हवेचा थर अडकतो आणि तीच त्याची गोधडी. पहाटे दिसणारा लिंबाचा गोल म्हणजे हीच गोधडी पांघरलेला पक्षी. दुसरी तऱ्हा थरथरण्याची. छातीचे उडण्याचे स्नायू बारीक बारीक आकुंचन पावतात आणि उष्णता तयार करतात. नुसत्या डोळ्यांना ते सहसा दिसत नाही. वारा या दोन्हींवर घाव घालतो. पिसांत अडकलेली हवा तो पळवतो, आणि मग थरथरण्यासाठी जास्त इंधन जाळावे लागते. ओलावाही तेच करतो. भिजलेले पीस म्हणजे भिजलेली गोधडी. कोरड्या, निवाऱ्याच्या जागी निरोगी झेब्रा फिंच १५ अंशांत सुखाने झोपतो. मूळचा तो ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातला, तिथे हिवाळ्यातल्या रात्री पारा शून्याखालीही जातो. पण तिथली हवा कोरडी, आणि शिरायला घरटे असते.

हे घरट्यात शिरणे आपल्या खाडीकाठीही पाहता येते. मिठागरांच्या बांधांवर, गवताळ पडीक जमिनीवर मुनियांचे थवे असतात. त्यांतली चांदीच्या चोचीची साधी तपकिरी मुनिया बाभळीवर लटकलेल्या सुगरणीच्या जुन्या, सोडून दिलेल्या घरट्यांत रात्रीच्या मुक्कामाला शिरते. एका खोप्यात चार-पाच जणी एकमेकींना खेटून झोपतात. संध्याकाळी सूर्य टेकल्यावर एक एक करून त्या आत जाताना पाहिल्या, तेव्हाच मी पिंजऱ्यातली झोपण्याची सोय बदलली. आपल्याकडे बेंगालीज नावाने विकला जाणारा फिंच म्हणजे पांढऱ्या पाठीच्या मुनियेचाच पाळीव वंश. पूर्वेकडच्या देशांत, मुख्यतः जपानात, पिढ्यान्‌पिढ्या पाळून तो घडवला गेला. पाच बेंगालीज असतील तर पाचही एकाच घरट्यात कोंबून झोपतात. ती सवय त्यांनी रानातून जपून आणली आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रानातली मुनिया, लाल असो, ठिपक्यांची असो की साधी, घरात पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. लाल मुनियेचे इंग्रजी नाव अहमदाबादवरून पडले, कारण त्या शहरातून ती एके काळी परदेशी पाठवली जात असे. त्या व्यापारात किती पाखरे वाटेतच मेली असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. या प्रकरणात जे लिहिले आहे, ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्या परदेशी फिंचांसाठी. त्यांतल्याही जावा चिमणीसारख्या काही जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीत आहेत, त्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.

आता पिंजऱ्याची तजवीज. मागची बाजू, वरची बाजू आणि वाऱ्याकडची एक बाजू गोणपाटाने किंवा जाड सुती चादरीने झाकायची. समोरची बाजू उघडी. प्लॅस्टिकचा कागद अनेकजण लावतात, पावसाळ्यातला घरात पडलेलाच असतो. पण रात्रभर पक्ष्यांच्या श्वासातली वाफ त्याच्यावर धरते, पहाटे थेंब खाली गळतात, आणि विष्ठेतला अमोनिया आत कोंडतो. सकाळी प्लॅस्टिक काढल्यावर नाकाला झोंबणारा वास आला, तर त्या पक्ष्यांनी रात्र कशी काढली असेल ते समजावे. गोणपाट वारा अडवते आणि वाफ जाऊ देते. थर्मोकोल लावायचा तर जाळीपासून वीतभर लांब, नाहीतर फिंच तो टोचून टोचून गिळतात.

बसायच्या दांड्या लाकडाच्या हव्यात. लोखंडी सळई किंवा प्लॅस्टिकची नळी पायांतली ऊब ओढून घेते आणि गुळगुळीत असल्याने बोटांना ताण देते. कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या काटक्या उत्तम, वेगवेगळ्या जाडीच्या. सगळ्यांत वरची दांडी मागच्या झाकलेल्या कोपऱ्यात बांधावी, कारण फिंच नेहमी उंचावरच झोपतात.

घरट्यासाठी आपल्या बाजारात बहुतेक ठिकाणी छोटे मातीचे मडके मिळते. उन्हाळ्यात ते छानच, गार राहते. हिवाळ्यात नेमके तेच नको. थंडीपुरते काथ्याचे किंवा गवताचे गोल घरटे टांगावे, नाहीतर लाकडी खोका. आत नारळाच्या सोडणाचा काथ्या बोटभर लांबीचे तुकडे करून घालावा. लांब धागे पायात अडकतात, आणि अडकलेला पाय दोन दिवसांत काळा पडतो. गोल्डियन फिंचला मात्र घरट्यात झोपायची सवय नसते. तो उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण पट्ट्यातला, दिसायला इतका सुंदर की जॉन गूल्डने १८४४ मध्ये त्याला आपल्या दिवंगत पत्नीचे नाव दिले. दांडीवरच उघड्याने रात्र काढणाऱ्या या पक्ष्याला मी डिसेंबर लागताच गॅलरीतून घरात घेते. झेब्रा आणि बेंगालीज बाहेर राहतील, गोल्डियन नाही. आफ्रिकेतल्या छोट्या निळ्या फिंचांचेही तसेच.

घरटे टांगले, की झेब्रा फिंच अंडी घालणार, हेही लक्षात ठेवायचे. थंडीत मादीला अंडे अडकण्याचा धोका मोठा असतो. गार पडलेले स्नायू नीट आकसत नाहीत, त्यात कॅल्शियम कमी असेल तर आणखीच. यावर उपाय आपल्याच किनाऱ्यावर पडलेला असतो. उत्तनच्या वाळूत भरतीच्या रेषेवर पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची फळी सापडते. माकुळाच्या पाठीतला हा भाग म्हणजे समुद्रफेण. दुकानात विकत मिळणारे तेच, इथे फुकट. चार दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलत भिजवावे, कडक उन्हात वाळवावे आणि मऊ बाजू पक्ष्यांकडे करून जाळीला बांधावे. माद्या अंडी घालण्याच्या दिवसांत ते खरवडून खरवडून खातात. जोडीला विणीसाठी ठेवायचे नसेल, तर वर छप्पर असलेली उघडी फळी झोपायला द्यावी.

निवाऱ्यानंतर खाणे, आणि माझ्या मते फिंचच्या हिवाळ्याचा निम्म्याहून जास्त भार खाण्यावरच असतो. आपल्या अक्षांशावर डिसेंबर अखेरीचा दिवस सुमारे ११ तासांचा. सूर्य सहाच्या सुमारास बुडतो आणि सकाळी सातनंतर उगवतो. फिंच अंधारात खात नाही, म्हणजे तेरा तासांचा उपास. दिवसाला जेमतेम तीन ग्रॅम दाणे खाणारा हा जीव रात्रभर जळतो तो संध्याकाळी गळ्याखालच्या पिशवीत भरून घेतलेल्या दाण्यांवर आणि दिवसभरात साठवलेल्या किंचित चरबीवर. सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर मी संध्याकाळी आणि सकाळी एकच पक्षी तोलून पाहिला आहे. गार रात्रीनंतर अर्धा-पाऊण ग्रॅम कमी भरतो. आपल्या मापात ते एका रात्रीत अडीच ते पावणेचार किलो उतरल्यासारखे.

म्हणून साडेचार-पाच वाजता भांडे पुन्हा भरायचे. वरची टरफले फुंकून टाकायची. टरफलांनी भरलेले भांडे दुरून भरलेलेच दिसते आणि पक्षी उपाशी झोपतो. ही चूक नवख्यांकडून हमखास होते. मुख्य दाणा राळा, ज्याला पाखरांच्या दुकानात कांगनी म्हणतात. त्यात चार-पाच टक्केच तेल. थंडीत त्याच्या जोडीला कारळे द्यावे. हो, आपण चटणी करतो तेच काळे, चकचकीत कारळे. त्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेल असते. चार पक्ष्यांमागे चहाचा अर्धा चमचा, तोही थंडीच्या दिवसांतच. उन्हाळ्यात दिले तर फिंच लठ्ठ होतात आणि यकृत बिघडते.

हे लिहिताना मला आजीची भोगी आठवते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, राळ्याचा भात, लोणी. न खाई भोगी तो सदा रोगी, असे ती म्हणायची. त्या ताटातले तीळ, राळा आणि बाजरी मी आज पिंजऱ्यातल्या भांड्यात घालते. माणसाने आणि पाखराने थंडीसाठी तेच धान्य निवडले, यात नवल नाही. दोघांनाही रात्र काढायची असते.

आंघोळीचे पाणी थंडीतही द्यायचे. पिसे स्वच्छ नसतील तर ती नीट फुलत नाहीत. फक्त वेळ पाळायची. ऊन चढल्यावर, अकराच्या सुमारास ताटली ठेवायची आणि दोनच्या आत उचलायची, म्हणजे ऊन उतरण्याआधी पक्षी कोरडा होतो.

आता बाहेरून ऊब देण्याविषयी. बहुतेक पुस्तके याच्यापासून सुरू होतात, कारण ती बर्फाच्या देशांत लिहिलेली असतात. आपल्या गॅलरीत निरोगी पक्ष्यांना दिवा किंवा हीटर लागत नाही, आणि लावलाच तर कधी कधी नुकसान जास्त. रात्रभर पंचवीस अंशांत झोपलेल्या पक्ष्यावर वीज गेल्यावर एकदम सोळा अंश कोसळले, तर तो सांभाळू शकत नाही. पांढऱ्या दिव्याने झोप मोडते आणि माद्या अवेळी अंडी घालतात. शेगडी तर दारातही आणू नये. खाणीतला विषारी वायू ओळखायला इंग्लंडमध्ये १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी वापरत, ते याच कारणाने. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि फुप्फुसे वायू फार झपाट्याने शोषतात. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड, डासांच्या अगरबत्तीचा धूर, नॉनस्टिक भांडे जास्त तापल्यावर निघणारी वाफ, हे आपल्याला जाणवण्याआधी त्यांना मारते. काही हीटरमध्ये आणि दिव्यांवरही तोच नॉनस्टिकचा लेप असतो.

माझी स्वतःची चूक सांगते. एका डिसेंबरमध्ये रात्री अचानक गारठा पडला, म्हणून कपाटातून ऊनी शाल काढून पिंजऱ्यावर टाकली. शाल वर्षभर डांबरगोळ्यांत होती. सकाळी दोन बेंगालीज दांडीवरून उतरून तळाशी बसलेले, चोच उघडी, शेपटी श्वासागणिक वरखाली होत होती. एक वाचला.

शेपटीची ती वरखाली हालचाल ओळखायला शिकले पाहिजे. निरोगी फिंच एका पायावर झोपतो, आजारी दोन्ही पाय टेकून. दिवसा, उन्हातसुद्धा पिसे फुगवून बसलेला पक्षी गारठलेला नसून आजारी असतो. श्वासाबरोबर बारीक टकटक आवाज येत असेल, तर ती सर्दी नसून श्वासनलिकेतल्या सूक्ष्म किड्यांची बाधा असू शकते, विशेषतः गोल्डियनमध्ये. कितीही ऊब दिली तरी ती बरी होत नाही, औषधच लागते. तरी कुठल्याही आजारी पक्ष्याला बाहेरची ऊब द्यायचीच, आणि ताबडतोब. छोटा खोका, तळाला कागद, दाणा-पाणी जमिनीवर, आणि एका बाजूला टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. खोक्यात तीस अंशांच्या आसपास तापमान राहू द्यावे आणि दुसरी बाजू थोडी गार ठेवावी, म्हणजे नको वाटले तर पक्षी सरकतो. पंख अंगापासून लांब धरून चोच उघडली, तर ऊब जास्त झाली. अंडे अडकलेली मादी अशा उबेत पुष्कळदा तासा-दोन तासांत मोकळी होते. झाली नाही तर पोट दाबत बसू नये, अंडे आत फुटले तर ती जगत नाही. पक्ष्यांचा डॉक्टर गाठावा. जवळ कुणी नसेल तर परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, जुने मुंबईकर ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. लोकलने जाताना खोका मांडीवर, ओढणीखाली धरावा. दारातला वारा त्याला लागू देऊ नये.

फेब्रुवारी सरत आला, की मतलईचा जोर ओसरतो. पहाटेच्या फेरीत पक्षी गोल दिसेनासे होतात, सडपातळच झोपलेले असतात, आणि होळीच्या आसपास सगळी गोणपाटे उतरतात. मी ती साबण न लावता नुसत्या पाण्यात धुते, गच्चीवर दोन दिवस उन्हात टाकते, आणि घडी घालताना मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवते.